हलवाहलवीचा खर्च

प्रिय क्वांग,

तुझ्या दोन्ही प्रकरणांची प्रूफं या पाकिटात आहेत. लाल खुणा बघून लगेच फोन उचलू नकोस. आधी हे पत्र वाच, चहा करून घे आणि सावकाश वाच. रविवारी माझा महिना संपतो आणि तू आईला न्यायला येणार, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तू उत्तर देतोस, ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि मग मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

आधी कामाचं. हे पाठ्यपुस्तक तंत्रनिकेतनातली मुलं वाचतात. त्यांच्या मास्तरांची प्रकाशकाकडे तक्रार आली आहे की ऑपरेटिंग सिस्टिमच्या या दोन प्रकरणांतल्या संज्ञा एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की परीक्षेत मुलं काहीही लिहितात आणि मास्तरांना ते चूक म्हणता येत नाही. म्हणून शेवटची संज्ञांची पानं स्वच्छ करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही हे तुला ठाऊक आहे, पण एका शब्दाच्या जागी दुसरा बसला की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. तुझा पहिला खडा असा. कामांचं वेळापत्रक आणि भाराचं वाटप हे दोन शब्द तू अदलून बदलून वापरतोस. मी समजले ते असं: एका प्रोसेसरच्या दारात कामांची रांग उभी आहे, तीत पुढे कुणाला घ्यायचं आणि किती वेळ द्यायचा हे ठरवणं म्हणजे वेळापत्रक. आणि मुळात कुठल्या कामानं कुठल्या प्रोसेसरच्या दारात उभं राहायचं हे ठरवणं म्हणजे भारवाटप. पहिल्याचा प्रश्न ‘कधी’, दुसऱ्याचा प्रश्न ‘कुठे’. बरोबर आहे ना? नसेल तर समासात लिही. मी तसं दुरुस्त करून टाकलं आहे.

इकडे वारा सुरू झाला. खिडक्यांच्या फटींत कागदाच्या घड्या कोंबल्या तरी शिट्ट्या थांबत नाहीत. डोंगराकडून सुकवलेली पर्सिमॉनची फळं खालच्या बाजारात आली आहेत, तुझ्यासाठी एक डबा घेऊन ठेवलाय. आई अजून उजाडायच्या आधी उठते. दिवा न लावता स्वयंपाकघरात जाते, आणि मी पांघरुणातून ऐकत असते: आधी मिठाची बरणी, मग तांदळाचं माप, मग ती एका बाजूनं दबलेली किटली. एकदाही चुकत नाही. परवा तिनं मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली, गेलेल्या मावशीच्या. मी ओ दिली. मग ती जिना उतरून खाली गेली, आपल्या जुन्या लोणच्याच्या गाळ्याशी. आता तो गाळा चालवणारी छाय बाई तिला रोज स्टूल देते आणि रोज बोलणी खाते. “हा काय पाला म्हणायचा? याला ऊन दाखवलंस, की नुसती दुरून ओळख करून दिलीस?” असं आई म्हणाली आणि अख्खी रांग हसली. बाईसुद्धा हसली, पण मागून तिनं टोपलं उन्हात सरकवलं. माझं नाव विसरणारी आपली आई मोहरीच्या पाल्याला किती ऊन लागलं हे बोटानं दाबून सांगते. जेवणही बरं चाललंय तिचं, या महिन्यात.

तुझा दुसरा खडा. ‘भार’ आणि ‘व्यस्तता’. तू लिहितोस, प्रोसेसर पूर्ण व्यस्त, म्हणजे त्याच्यावर पूर्ण भार. आणि दोन पानांनी स्वतःच त्याच्या उलट लिहितोस. मी यावर एक अख्खी सकाळ घालवली. एक प्रोसेसर एकाच कामात सतत गुंतलेला आहे. दुसराही सतत गुंतलेला आहे, पण त्याच्या दारात आणखी दहा कामं खोळंबून उभी आहेत. दोघांची व्यस्तता सारखीच. भार सारखा नाही. म्हणजे व्यस्तता सांगते तो स्वतः किती चालला, आणि भार सांगतो त्याच्या दारात किती जण वाट बघत उभे आहेत. हे कळल्यावर मला आपले आईबाबा आठवले. दोघंही सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबायचे, पण बाबांकडे एकच काम असायचं, ट्रक चालवायचा. आईच्या दारात मात्र गिऱ्हाईकं, आपण तिघं, बाबांचे आईवडील, पिंपात फसफसणारं लोणचं आणि भाडं मागायला आलेला मालक. बाबा जेवताना म्हणायचे, “दोघंही सारखंच दमतो की!” आणि आई म्हणायची, “हो ना, फक्त तुमचं दमणं ट्रकमध्ये बसून असतं.” हे उदाहरण पुस्तकात घालता येणार नाही, पण मला तेव्हापासून ही संज्ञा चुकलेली नाही.

आणि त्याच प्रकरणात तू एक फार सुंदर पान लिहिलं आहेस. तिथे मी लाल शाई लावलेली नाही. ज्याच्यावर काम साचलंय त्यानं इतरांना शोधत हिंडायचं, की जो रिकामा आहे त्यानं येऊन उचलायचं? तू लिहितोस की गुंतलेल्याला हाक मारण्याइतकीही फुरसत नसते, हाका मारण्यातच त्याचा वेळ जातो. म्हणून बरी पद्धत ही, की रिकामं होणाऱ्यानं स्वतः मान वर करावी, सगळ्यांत लांब रांग कुणाची ते बघावं आणि तिथलं काम ओढून घ्यावं. क्वांग, हे तू विद्यापीठात शिकलास असं तुला वाटतं. हे तू गाळ्यामागच्या पिंपात शिकलास. आठवतं? मोहरीचा पाला आणि मीठ, थरावर थर, आणि आपण तिघं पाय धुऊन वर चढून तुडवायचो. आई कधी कुणाला हाक मारायची नाही. ती फक्त एकदा बघायची. मग ज्याचं पिंप झालं असेल त्यानं उडी मारून दुसऱ्याच्या पिंपात जायचं. मिन दादा नेहमी आपलं पिंप संपवायला मुद्दाम वेळ लावायचा आणि तू सगळ्यांत लहान असून उड्या मारत यायचास. “अरे लंगडी खेळतोस का? टाच दाब, टाच!” ती ओरडायची. तुझं ते पान वाचताना मला मिठाचं पाणी लागून चुरचुरणाऱ्या टाचा आठवल्या आणि मी पेन खाली ठेवलं.

आता ज्याबद्दल लिहायला मी इतका वेळ घेतला त्याकडे येते. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षीचं म्हणते आहे. बाबांना जाऊन फार काळ झाला नव्हता, आई माझ्याजवळच होती, म्हणजे खरं तर मी तिच्याजवळ होते, तिच्याच घरात. तिचं विसरणं नुकतं सुरू झालं होतं. तू दवाखान्यात आलास, मला बघितलंस, आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. वहिनीनं मला नंतर सांगितलं, तू रडत होतास. मग दादाच्या घरी, ताइचुंगला, जेवणाच्या टेबलावर तू लॅपटॉप उघडलास. “एकाच प्रोसेसरवर सगळं लोटून बाकीच्यांनी रिकामं बसायचं, हे मी कामाच्या ठिकाणी कुणाला करू देत नाही. घरात कसं करू देऊ?” असं म्हणालास. आपल्याकडे आईवडील पाळीपाळीनं लेकांच्या घरी जेवतात ही चाल आहेच, मुली त्यात धरत नाहीत. तू मला धरलंस. दादा कुरकुरला, “लेकीच्या घरी कसली पाळी?” तेव्हा तू त्याला गप्प केलंस, आणि खरं सांगते, मला आत कुठेतरी फार बरं वाटलं. रंगीत पट्ट्या काढल्या होत्यास, एक महिना तैपेईला तू, एक महिना ताइचुंगला दादा, एक महिना मी. दवाखान्याचे दिवस, सणाचे दिवस, सगळं धरून कुणावर जास्त नाही, कुणावर कमी नाही. सगळे म्हणाले, वा. हे तू माझ्यासाठी केलंस हे मी एक दिवसही विसरले नाही.

आई तेव्हा कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिचंही काही म्हणणं दिसत नव्हतं. पट्ट्या बघून झाल्या, चहा झाला, तेव्हा तिनं एकच विचारलं, “मग माझी गोधडी कुठल्या घरी ठेवायची?” तू हसून म्हणालास, “आई, तिन्ही घरी नवी घेऊ की!” आणि खरंच घेतलीस, चांगल्या दुकानातून, हलकी आणि उबदार. आईनं मान डोलावली आणि परत लसूण सोलायला लागली. जुनी लाल फुलांची इथेच राहिली. तिच्या एका कोपऱ्याला आईनं स्वतः घातलेली जाड शिवण आहे, झोप येईपर्यंत ती शिवण बोटांत धरून ठेवते. मला हे गेल्या वर्षी कळलं, जेव्हा वहिनी म्हणाली की ताइचुंगला आई नव्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवरून हात फिरवत असते, काहीतरी हरवल्यासारखी.

तिसरी संज्ञा याच्याशीच लागून आहे, म्हणून इथे लिहिते. तुझ्या प्रकरणात ‘भार वाटून घेणं’ आणि ‘भार सारखा करणं’ हे तू एकच समजून लिहिलं आहेस. ते एक नाही, आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तूच दिलेल्या संदर्भांत शोधून काढलं. वाटून घेणं म्हणजे एवढंच बघायचं, की एकीकडे कामं खोळंबली असताना दुसरीकडे कुणी रिकामं बसू नये. सारखं करणं म्हणजे सगळ्यांच्या रांगा एका उंचीच्या करायच्या. पहिल्याला थोडीच हलवाहलव पुरते. दुसऱ्याला सतत हलवावं लागतं, कारण सारखेपणा टिकत नाही, आज केला की उद्या मोडतो. मुलांना हा फरक समजावायला तू एक परिच्छेद नव्यानं लिहून दे. मी जागा सोडली आहे.

आणि त्याच्या पुढचं पान, हलवाहलवीच्या खर्चाचं. क्वांग, ते पान तूच लिहिलंस ना? मला खरंच विचारायचं आहे. तू लिहितोस की एखादं काम एका प्रोसेसरवर काही काळ चाललं की त्याला लागणारं सगळं हळूहळू त्या प्रोसेसरच्या हाताशी येऊन बसतं, मागितलं की लगेच मिळतं. ते काम उचलून दुसरीकडे ठेवलं तर काम तेच राहतं, पण हाताशी काहीच उरत नाही. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट पुन्हा लांबून आणावी लागते, आणि ते सगळं गोळा होऊन जरा गाडी रुळावर येते न येते तोच पुन्हा हलवलं, तर त्या कामाचा सगळा वेळ गोळा करण्यातच जातो. म्हणून, तू लिहितोस, चांगली व्यवस्था थोडा असमतोल सहन करते. हे वाक्य तू जाड अक्षरांत छापायला सांगितलं आहेस.

तुझ्या घरी चौदाव्या मजल्यावर आई बूट ठेवायच्या कपाटासमोर उभी होती, ती गोष्ट तू मला फोनवर सांगितली होतीस. “ताई, ती कपाटाला सांगत होती, आत कोण आहे, लवकर आटप!” तू हसलास, मीही हसले. त्या जागी दादाच्या घरात न्हाणीघराचं दार आहे. तुझ्या बायकोनं, हुई-च्वाननं, बिचारीनं प्रत्येक दारावर चित्रं चिकटवली, नळ, पलंग, भाताची वाटी, किती मायेनं काढली होती. आईनं ती सगळी नखानं खरवडून काढली, लोकाची दारं कुणी घाण केली म्हणून. दादाकडे तिनं सूपमध्ये सोया सॉस समजून भांडी घासायचं साबणाचं पाणी घातलं. वहिनी कधी नव्हे ती ओरडली, आणि मग स्वतःच रडत बसली. तुम्हां कुणाचं काही चुकलं नाही. दिव्याचं बटण कुठे हे तिच्या हाताला कळायला लागतं तोवर महिना भरत येतो. प्रत्येक खेपेला ती माझ्याकडे परत येते तेव्हा थोडी कमी होऊन आलेली असते. पहिल्यांदा आली तेव्हा पत्ते खेळता येत नव्हते. मग बाबांचं नाव आठवेना. या वेळी दोन दिवस ती जिन्यात बसून राहिली, कारण हे घर आपलं आहे यावर तिचा विश्वास बसत नव्हता. “मालकीणबाई, माझी माणसं न्यायला येतील हं, मी जास्त वेळ बसणार नाही,” असं ती मला म्हणाली. तिसऱ्या दिवशी किटली हाताला लागली आणि ती घरात आली.

तिची ती निळी कापडी पिशवी सतत भरलेली असते. मी कपडे काढून कपाटात ठेवते, ती परत भरते. खाली गाडीचा हॉर्न वाजला की पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसते. परवा मी ती रिकामी करताना आत काय सापडलं असेल? तुमच्या प्रयोगशाळेत तुम्ही यंत्रांवर ठेवता ती हिरवी पिशवी, नारळाच्या चवीच्या मक्याच्या फुग्यांची, जिच्या नावातच ‘शहाण्यासारखं वाग’ आहे. हिरवीच हवी, पिवळी चालत नाही, तारीख उलटलेली चालत नाही, आणि यंत्र चालू आहे तोवर कुणी फोडून खायची नाही. तुझी पहिली नोकरी लागली तेव्हा आईच डझनभर घेऊन आली होती आणि तू लाजला होतास. मला वाटलं, तुला द्यायला आणली असेल. मी विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाली, “क्वांग यंत्राजवळ ठेवतो ना? मग यंत्र बिघडत नाही, कुणाला त्रास देत नाही. मी जाते तिथे उशाशी ठेवते. म्हणजे मी पण शहाण्यासारखी राहीन. पोरं कंटाळायला नकोत.” मी त्या हिरव्या पिशवीवरची तारीख बघितली. आईनं ती पिशवी नुकतीच बदलून घेतली होती, छाय बाईकडून. लोकांची नावं विसरणारी बाई ही तारीख विसरत नाही. क्वांग, मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले, आणि तुलाही हे वाचून रडू येणार हे मला माहीत आहे, तरी लिहिलं.

हे सगळं मी का लिहिते आहे ते आता सांगते. गेल्या आठवड्यात तिचे पाय सुजले म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं होतं. तुम्हां दोघांना तेव्हा सांगितलं नाही. तिचं हृदय थकलं आहे. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. औषधं दिली आहेत, पण पुढच्या वर्षीचे पर्सिमॉन ती बघेल असं त्यांना वाटत नाही. नव्या वर्षाच्या जेवणाबद्दलही त्यांनी होय म्हटलं नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो सगळ्यांना विचारतात: वेळ आली तर आजींना कुठल्या घरी न्यायचं? शेवटचा श्वास घरी जावा म्हणून. कागदावर मी तिन्ही पत्ते लिहिले आणि त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. काल दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, पूर्वजांचा देव्हारा माझ्या घरी आहे, आई लेकीच्या घरून गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, क्वांगच्या महिन्यानंतर लगेच इकडे आण. मी त्याच्याशी भांडले नाही. तो तुझं ऐकतो. पण बाबांना दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस आठव. नर्स हातानं श्वासाचा फुगा दाबत होती, आणि तू बाबांच्या कानाशी वाकून वाटभर सांगत होतास, बाबा, पूल आला, बाबा, देऊळ आलं, बाबा, आपली गल्ली आली. ती हीच गल्ली. आईनं उंबऱ्यात म्हटलं होतं, “आलं बघा घर,” आणि ते गेले. तो उंबरा तिच्या पायांना अजून ठाऊक आहे. तिला आता हलवू नकोस. माझ्यावर भार पडतो हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही, मी थकले आहे, परवा भात करपला तरी मला वास आला नाही. पण यंत्रात काम हलवावं लागतं ते प्रोसेसरला पाय नसतात म्हणून. तुम्हां दोघांना पाय आहेत. तुझ्या महिन्यात तू इथे ये, त्याच्या महिन्यात तो येईल, बाबांची खोली मी आवरून ठेवली आहे. मी हाक मारायची वाट बघू नका. लहानपणी उड्या मारत यायचास तसा ये. रविवारी गाडी देवळामागे लाव, गल्लीत आणू नकोस, ती गाडी ओळखते. बाजारातून पायी ये. तुला बघून ती पिशवी घेऊन उभी राहील आणि विचारेल, निघायचं का? तू बूट काढ, ती पिशवी तिच्या हातातून घे, आणि तिच्या देखत एकेक कपडा कपाटात ठेव. आणि तळाशी ती हिरवी पिशवी असेल ना, ती फोड. आपण तिघं मिळून खाऊ. आता तिला शहाण्यासारखं वागायची काही गरज नाही.

तुझीच, अजूनही तुझ्या चुका काढत बसलेली,
युए-तान ताई